तबेल्याला कुलूप : घोड्यांच्या साथीतला एक हिवाळा

दत्तजयंतीनंतर आमच्या तबेल्यात एक नवा घोडा आला. सारंगखेड्याच्या बाजारातून घेतलेला, अडीच वर्षांचा कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी रंगाचा, दिसायला देखणा. नंदुरबारहून पुणे, कोल्हापूर, बेळगाव असा ट्रकमधून येत तो चोर्ल्याच्या घाटाने केरीला उतरला आणि थेट आमच्या दावणीला बांधला गेला. वाटेत त्याला मरगळ होती, नाकातून पाणी येत होतं, हे ट्रकवाल्याला ठाऊक होतं आणि मालकालाही. आम्हाला कळलं ते फार नंतर.

तबेला डिचोली तालुक्यात, खाणीच्या जुन्या रस्त्याला लागून असलेल्या एका काजूच्या भाटात, म्हणजे बागायतीत, आहे. जागा भाटकाराची, घोडे आम्हा पाच मालकांचे. त्या वेळी नव्याला धरून अकरा होते. दोघांचे घोडे वरातीला जातात. डिसेंबर ते फेब्रुवारी गोव्यात उत्तरेकडच्या लग्नांची एवढी गर्दी असते, की तेवढ्यावर घोड्यांची वर्षाची वैरण सुटते. एकाकडे मुलांना रपेट शिकवायचे शांत घोडे. माझी मात्र एकच घोडी, अबोली, हौसेची. मी नोकरी करते, सकाळ-संध्याकाळ तिच्यासाठी येते, आणि ती तेव्हा आठव्या महिन्यात गाभण होती.

घोड्यांचं सगळं बघणारे मोतद्दार मामा पुण्याच्या रेसकोर्सवर आयुष्य काढून आलेले. त्यांचा एक नियम आहे: घोड्याने चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, टाकली की आधी ताप बघायचा, मग बाकीचं बोलायचं. नव्या घोड्याच्या शेजारच्या तट्टाने एका सकाळी तोबऱ्यात अर्धी चंदी ठेवली. मामांनी थर्मामीटर लावला. घोड्याचं तापमान ९९ ते १०१ फॅरनहाइट असायला हवं. याचं १०३ च्या पुढे. खोकला नाही, पातळ शेंबूड, डोळे जड. भाटकार काठी टेकत आले, बघितलं आणि म्हणाले, "थंडी मारली आसतली गो, हळद दी." पहाटेचा गारवा होताच, त्यामुळे तेही खोटं वाटलं नाही.

डॉक्टरांनी पहिल्या दिवशी रक्ताची काचपट्टी तपासली. पावसाळ्यानंतर आमच्याकडे घोडमाश्या आणि गोचिड्या दोन्ही असतात, त्यामुळे सर्रा (माश्यांमुळे पसरणारा रक्तातल्या परजीवीचा रोग) आणि गोचिडीचा ताप यांचा संशय आधी येतो. पट्टी साफ निघाली. तोवर आणखी दोघे तापले. डॉक्टरांनी विचारलं, खोकतंय का कुणी? फारसं नाही. मग मामा म्हणाले, "फ्लू नाही हा." २००८ साली जम्मूजवळच्या कटऱ्यापासून घोड्यांच्या फ्लूची साथ सुरू झाली होती आणि बघता बघता राज्याराज्यांत पसरली होती. मामांनी तो काळ बघितलेला. फ्लूमध्ये तबेला रात्रभर खोकतो, कोरडा, घशातून ओढल्यासारखा खोकला, आणि दोन-तीन दिवसांत सगळे आडवे. आमच्याकडे ताप एकेक करून सरकत होता. डॉक्टरांनी मान डोलावली आणि घोड्यांच्या हर्पीसचं नाव घेतलं: ईएचव्ही-१.

घरी सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, माणसांना होतो का? होत नाही. पण समजून घ्यायला माणसांचंच उदाहरण कामी आलं. लहानपणी कांजिण्या येऊन जातात, विषाणू मात्र नसांत दडून राहतो आणि म्हातारपणी अंगात कमी बळ असताना नागीण होऊन उठतो. घोड्यांचा हा विषाणू कांजिण्यांच्याच कुळातला. बहुतेक घोड्यांना तो शिंगरूपणीच लागतो, मग अंगात निजून राहतो. लांबचा प्रवास, बाजारातली गर्दी, व्यायणं, आईपासून तोडणं अशा ताणाने जागा होतो आणि नाकावाटे बाहेर पडायला लागतो. बहुतेकांना ताप आणि सर्दी होऊन निभावतं. गाभण घोडी शेवटच्या महिन्यांत गर्भ टाकू शकते. आणि थोड्या घोड्यांत तो मज्जारज्जूच्या बारीक रक्तवाहिन्यांवर हल्ला करतो. मागचे पाय लुळे पडतात, शेपटी लोंबते, लघवी अडते. हे शेवटचं ऐकताना अंगणात कुणी बोललं नाही.

डॉक्टर म्हणाले, रिपोर्टची वाट बघू नका, आजच फाटक लावा. आत आलेला घोडा बाहेर नाही, बाहेरचा आत नाही.

इथे पहिला वाद झाला. नमुने हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात जाणार म्हटल्यावर एक मालक उठून उभा राहिला. घोडेवाल्यांमध्ये हिसारचं नाव ग्लँडर्सशी जोडलेलं आहे. ग्लँडर्स हा जिवाणूचा रोग, माणसालाही होतो, आणि तपासणीत घोडा बाधित निघाला तर कायद्याने त्याला मारावं लागतं. "सॅम्पल गेलं म्हणजे घोडा गेला," हे वाक्य मी त्या आठवड्यात किती जणांकडून ऐकलं! हर्पीससाठी कुणी घोडा मारत नाही, हे डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. शिवाय जनावरांच्या सांसर्गिक रोगांचा २००९ चा कायदा आहे; यादीतल्या रोगाची खबर देणं ही मालकाची जबाबदारी आहे, सवलत नाही. माझं मत विचाराल तर लोक रोग लपवतात ते दुष्टपणाने कमी आणि या ग्लँडर्सच्या भीतीने जास्त. दोन रोगांतला फरक आधीच कुणी समजावून ठेवला असता, तर निम्मी भांडणं झाली नसती.

शेवटी नाकातले स्वॅब आणि जांभळ्या टोपणाच्या नळ्यांत रक्त घेतलं, बर्फाच्या पिशव्यांत बांधलं, सरकारी डॉक्टरांचं पत्र जोडलं. पहिल्या कुरिअरवाल्याने "घोड्याचं रक्त" हे शब्द ऐकूनच डबा परत सरकवला. दुसऱ्याने घेतला. रिपोर्ट आला: ग्लँडर्स नाही, ईएचव्ही-१ आहे. आणि गंमत बघा, रोग सापडला त्या दिवशी तबेल्यात सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला.

तोवर तबेल्याचे तीन भाग झाले होते. तापलेले घोडे भाटाच्या खालच्या अंगाला, काजूच्या भट्टीच्या रिकाम्या मांगरात, म्हणजे खोपटात. त्यांच्या शेजारी बांधलेले किंवा एका हौदावर पाणी प्यायलेले मधल्या गोठ्यात. आणि ज्यांचा तसा संबंध आला नव्हता ते वर, रस्त्याच्या बाजूला. अबोली वर होती. नाकाला नाक लागता कामा नये, फुरफुरलेले थेंबसुद्धा पोचता कामा नयेत, म्हणून मध्ये निदान तीस फूट. कामाचा क्रम ठरलेला: आधी वरचे, मग मधले, शेवटी मांगर. उलट कधीच नाही. मांगरात गेलेला माणूस हात-पाय धुऊन, कपडे बदलूनच वर यायचा. मामांनी मांगरासाठी वेगळा पोरगा नेमून घेतला आणि त्याला सक्त ताकीद दिली, की वरच्या घोड्याला लाडाने थोपटायचं सुद्धा नाही.

विषाणू तसा फार चिवट नाही. उघड्यावर बहुधा आठवड्याच्या आत मरतो, फारच अनुकूल जागा मिळाली तर महिनाभर टिकतो. साबणाने मरतो, ब्लीचने मरतो. पण लिदीवर, चिखलावर नुसतं ब्लीच ओतून काही होत नाही. आधी घासून धुवायचं, मगच ब्लीच. आमच्याकडे तांबडी माती सगळीकडे चिकटलेली. बादल्या घासून हात सोलले. दर घोड्याची बादली, तोबरा, खरारा, लगाम वेगळा, त्यावर रंगीत चिकटपट्टी. नळाचं तोंड बादलीतल्या पाण्यात बुडवून ठेवायची सगळ्यांना सवय असते. तीच सवय एका बादलीतला शेंबूड दुसरीत नेते. ती मोडायला सगळ्यांत जास्त दिवस लागले.

आणि थर्मामीटर. प्रत्येक घोड्याचा वेगळा, डिजिटल, मागे दोरा आणि कपडे वाळत घालायचा चिमटा. चिमटा शेपटीच्या केसांना लावायचा म्हणजे थर्मामीटर आतही जात नाही आणि पडतही नाही. डिचोलीच्या औषधवाल्याने एवढे थर्मामीटर एकदम बघून विचारलं, "करोना परत आला काय?" सकाळी चंदीआधी आणि संध्याकाळी, भिंतीवरच्या फळ्यावर आकडा. १०१.५ च्या वर गेला की घोडा खाली. या तापाला दोन लाटा असतात. पहिली बारीक, कुणाच्या लक्षातही न येणारी. घोडा खात-पीत असतो, डोळे स्वच्छ असतात, आणि फळ्यावर मात्र १०२. नुसत्या डोळ्यांनी बघून घोडा "बरा" म्हणणारे सगळे जाणकार त्या फळ्यापुढे गप्प झाले.

एका मालकाने ताप उतरवायचं इंजेक्शन गुपचूप मारलं. त्याच्या घोड्याचा आकडा दोन दिवस सुरेख ९९.८. तिसऱ्या दिवशी औषध उतरलं आणि घोडा १०३.५. तोवर तो मधल्या गोठ्यात दोघांच्या शेजारी उभा होता. त्या दोघांतला एक पुढे तापला. मामा त्याच्याशी नंतर आठवडाभर बोलले नाहीत. पण घोड्याची चंदी मात्र वेळेवर.

या सगळ्यापेक्षा जड काम फोनचं होतं. कुणाकुणाला सांगायचं? नालबंद बेळगावहून येतो, एका फेरीत आमचा तबेला, पेडण्याकडचे दोन, मग सिंधुदुर्गात उतरतो. त्याला सांगितलं, येऊ नकोस, आणि आमच्यानंतर जिथे गेलास तिथे कळव. तो बिचारा घाबरला. त्याची महिन्याची कमाई गेली. गवताच्या टेम्पोला फाटकाबाहेरच माल उतरवायला सांगितलं. रपेटीच्या मुलांचे आईवडील समजूतदार निघाले. हॉटेलवाले नाहीत. लग्नाच्या आदल्या दिवशी घोडा रद्द म्हटल्यावर समोरून जे ऐकू आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. वरातवाल्या मालकांचा आख्खा हंगाम गेला, आणि ते नुकसान भरून देणारी कुठली योजना आमच्या हाती लागली नाही.

एका रात्री वरातवाल्यांपैकी एकाने आपले दोन ताप नसलेले घोडे मांद्र्याला नेण्याचा घाट घातला. टेम्पो फाटकाशी लागलासुद्धा. मामांचा फोन आला, मी गेले, डॉक्टरांना फोन लावून दिला. डॉक्टरांनी त्याला व्हॅलेन्सिया सांगितलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये स्पेनमधल्या त्या शहरात उड्यांच्या स्पर्धेला युरोपभरातून घोडे आले होते. हाच विषाणू तिथे पसरला, आणि कळण्याआधी घरी निघालेल्या काही घोड्यांबरोबर तो दुसऱ्या देशांत पोचला. घोडे मेले, युरोपातल्या कितीतरी देशांतल्या स्पर्धा काही आठवडे बंद ठेवाव्या लागल्या. आज ताप नाही याचा अर्थ उद्या नाही असा होत नाही. लागण झाल्यावर ताप यायला दहा दिवसही लागू शकतात. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "ते श्रीमंतांचे घोडे हो डॉक्टर. माझे हप्ते कोण भरणार?" याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. टेम्पो रिकामा परत गेला, टेम्पोचं भाडं आम्ही चौघांनी वाटून दिलं.

त्याच मालकाचा पांढरा राजा, वरातीतला सगळ्यांत जुना आणि शांत घोडा, मांगरात ताप उतरून बरा होत आला होता. एका दुपारी पाणी प्यायला वळताना त्याचा मागचा पाय घसरल्यासारखा झाला. संध्याकाळी शेपटी हातात घेऊन बाजूला ओढली तर एरवी तोल सांभाळणारा घोडा लाकडासारखा कलंडला. सकाळी तो कुत्र्यासारखा बसलेला सापडला, पुढचे पाय रोवून, मागचं अंग जमिनीवर. डॉक्टरांनी नळी घालून लघवी काढली, सूज उतरायची औषधं दिली. आम्ही पेंढ्याचा जाड थर केला आणि आळीपाळीने त्याला कुशीवर वळवत राहिलो, कारण एवढं मोठं जनावर एका कुशीवर पडून राहिलं की खालचे स्नायू आणि फुप्फुस दोन्ही जातात. जे घोडे उभे राहू शकतात ते पुष्कळदा सावरतात. राजा उभा राहिला नाही. पट्ट्यांनी उचलून धरायला आमच्याकडे साधन नव्हतं, आणि असतं तरी त्याने पाय टाकले नसते असं डॉक्टर म्हणाले. मालकाने स्वतः "सोडवा त्याला" म्हटलं. खाणीवर काम करणाऱ्या ओळखीच्या माणसाने जेसीबी आणला, पैसे घेतले नाहीत. खोल खड्डा, चुना, माती. दुसऱ्या दिवशी तोच मालक वरच्या घोड्यांचा ताप मोजायला सगळ्यांच्या आधी आला होता.

शेवटचा ताप उतरल्यापासून अठ्ठावीस दिवस कुणी तापलं नाही तर फाटक उघडायचं, असं ठरलेलं. नवा ताप आला की मोजणी पुन्हा एकपासून. ती पुन्हा पुन्हा एकवर आली. उभे राहून राहून घोडे चिडले. एकाने दार चावून चावून खाल्लं, दुसऱ्याला पोटशूळ झाला. मग चणे कमी केले, भिजवलेला कोंडा वाढवला, आणि ज्याच्या त्याच्या भागातच हाताने फिरवणं सुरू केलं.

मध्येच सगळ्यांना लस आठवली. आता टोचून घेऊ या म्हणून आग्रह. डॉक्टरांनी साफ नाही सांगितलं: साथ आत असताना, कुणाच्या अंगात विषाणू शिरलाय हे ठाऊक नसताना नाही. आणि लसीने नाकातून पडणारा विषाणू कमी होतो, गर्भपाताचा धोका कमी होतो. पाय लुळे पडणार नाहीत याची हमी ती देत नाही. अबोलीला पाचव्या आणि सातव्या महिन्यात लस झालेली होती, नवव्याची राहिली होती. लागण झाल्यावर कित्येक आठवड्यांनीसुद्धा घोडी गर्भ टाकू शकते, त्यामुळे फाटक उघडलं तरी माझं मन उघडलं नव्हतं. ती एकदाही तापली नाही. चैत्रात व्याली, घोडीच झाली. जार पिशवीत भरून डॉक्टरांकडे दिली, शिंगराला कुणालाही हात लावू दिला नाही. मामांनी एकदा लावला, ते विचारत नाहीत.

फाटक उघडायच्या आधीच काजूचा हंगाम तोंडावर आला आणि भाटकारांना त्यांचा मांगर हवा होता. काजूची बोंडं तुडवून रस काढायची जागा, म्हणजे कोळंबी, तिथे, फेणी गाळायचं भाणं तिथे. "घोड्यांच्या आजाराची फेणी कोण घेतलो?" असं त्यांनी विचारलं ते थट्टेत नव्हे. विषाणूचा माणसाला धोका नाही हे पटवून मांगर दोनदा धुतला, पांढरा चुना काढला, दारं उन्हात उघडी टाकली. फाटक उघडलं तेव्हा शिगमो जवळ आला होता. डिचोलीत घोडेमोडणीच्या नाचाचे ढोल घुमायला लागले आणि मालकांपैकी एक म्हणाला, कमरेला बांधायचे लाकडी घोडे बरे, ताप येत नाही.

आता नवा घोडा आला की तीन आठवडे वेगळा. त्यासाठी भाटाच्या टोकाला पत्र्याची शेड बांधली. भाटकार तिचं वेगळं भाडं घेतात. लोक विचारतात, आरोग्याचा दाखला आहे ना, मग कशाला? दाखला त्या दिवसापुरता असतो, आणि निजलेला विषाणू त्यात दिसत नाही. या अटीवर दोघे जण शेजारच्या तालुक्यात निघून गेले, जिथे कुणी काही विचारत नाही. सारंगखेड्याचा तो कुमैत आमच्याकडेच आहे. त्याला स्वतःला फारसं काही झालंच नाही.

राजाच्या वरातवाल्या मालकाने गेल्या दसऱ्यानंतर आपला दुसरा घोडा विकायला काढला. घेणारा कोल्हापूरकडचा. व्यवहार ठरत आला असताना याने त्याला सगळं सांगितलं: अमुक साथ आली, हा घोडा तापला होता, बरा झाला, विषाणू अंगात असू शकतो, ताण आला तर वर येऊ शकतो. घेणाऱ्याने किंमत बरीच खाली आणली. याने मान्य केली. मामांनी घोड्याबरोबर त्याचा थर्मामीटर दिला, दोरा आणि चिमट्यासकट.